रत्नागिरीत बसून रशियाचं आर्क्टिक धोरण कसं समजून घ्यायचं

आधी मोबाईलवरचा नकाशा बंद करा. त्या सपाट नकाशात ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे, आणि रशियाची वरची कड नकाशाच्या चौकटीला जाऊन चिकटते, म्हणजे त्यापलीकडे काही नाहीच असं वाटायला लागतं. सगळी गंमत तर पलीकडेच आहे. त्यामुळे पृथ्वीगोल लागणार. नवीन घ्यायची गरज नाही, कुठल्याही हायस्कुलात भूगोलाच्या कपाटावर एक धूळ खात पडलेला असतोच, सरांना विचारून दोन दिवस घरी आणा.

आता तो गोल असा धरा की उत्तर ध्रुव तुमच्या नाकासमोर येईल. मध्ये समुद्र, भोवती जमीन. त्या समुद्राला पाचच देशांचा किनारा लागतो: रशिया, नॉर्वे, ग्रीनलंडमुळे डेन्मार्क, कॅनडा आणि अलास्कामुळे अमेरिका. बोट फिरवत जा, निम्म्याहून जास्त फेरी रशियाच्याच किनाऱ्यावरून होते, साधारण २४,००० किलोमीटर. शाळेत पाठ केलेला आपला ७२० किलोमीटरचा किनारा आठवा म्हणजे अंदाज येईल. मग लोकरीचा एक धागा घ्या, रॉटरडॅमपासून सुएझ, मलाक्का करत योकोहामापर्यंत लावा आणि तिथे गाठ मारा, मग तोच धागा रॉटरडॅमहून नॉर्वेच्या डोक्यावरून रशियाच्या किनाऱ्याने बेरिंगच्या सामुद्रधुनीतून योकोहामापर्यंत न्या. केवढा धागा हातात उरतो ते स्वतःच बघा. सुएझवरून हे अंतर ११,००० सागरी मैलांच्या वर जातं, वरून ७,००० च्या थोडं पुढे. हा उरलेला धागा म्हणजे अर्धं रशियन धोरण.

उरलेलं अर्धं म्हणजे भीती, त्यावर पुढे येतो.

हे सगळं कुणासाठी लिहितोय ते सांगून टाकतो. एक तर एमपीएससी-यूपीएससी करणारी पोरं, ज्यांच्या नोट्समध्ये आर्क्टिक म्हणजे "भारत निरीक्षक, हिमाद्री, २०२२ धोरण" एवढंच असतं. दुसरे जहाजावर जाणारे, आपल्याकडे दर वाडीत एखाद-दुसरा आहेच. आणि तिसरे आपले टपरीवरचे परराष्ट्रमंत्री, ज्यांना युक्रेनपासून ग्रीनलंडपर्यंत सगळ्यावर मत असतं (मी ह्याच गटातला). अमेरिका-चीन सोडून रशियाच का, तर तिथली घरची सगळ्यात मोठी जागा त्याचीच आहे, आणि त्याचं धोरण समजलं की बाकीच्यांची धोरणं बऱ्यापैकी त्याला दिलेली उत्तरं म्हणूनच वाचता येतात.

गोल झाला की कागद. लोक इथेच चुकतात, भाषणं ऐकत बसतात. भाषण सोडा, दस्तऐवज उघडा. पहिला सप्टेंबर २००८ चा, मेदवेदेव राष्ट्राध्यक्ष असतानाचा, आर्क्टिक धोरणाची मूलतत्त्वं, २०२० पर्यंतची. दुसरा ५ मार्च २०२० ला पुतिननी सही केलेला, तोच विषय, २०३५ पर्यंतचा. दोन्हीची इंग्रजी भाषांतरं नेटवर मिळतात, नाही मिळालं तर रशियन पानच फोनच्या भाषांतरात टाका, कळण्यापुरतं होतं. आणि सगळं वाचत बसू नका! फक्त "राष्ट्रीय हितसंबंध" ही यादी शोधा आणि तिचा क्रम बघा.

२००८ च्या यादीत पहिल्या नंबरला होतं, आर्क्टिक म्हणजे देशाच्या साधनसंपत्तीचं कोठार, म्हणजे तेल, गॅस, खनिजं. त्याखाली शांतता आणि सहकार्य. २०२० च्या यादीत पहिल्या नंबरला आलं सार्वभौमत्व आणि भूभागाची अखंडता, कोठार खाली सरकलं. बारा वर्षांत यादीतल्या वस्तू फारशा बदलल्या नाहीत, क्रम बदलला, आणि मधल्या काळात २०१४ ला रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतलेला होता हे लक्षात घ्या. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच २०२० च्या कागदात दुरुस्ती झाली, आर्क्टिक कौन्सिल (आर्क्टिकच्या आठ देशांचं मंडळ) वगैरे बहुपक्षीय चौकटीतल्या सहकार्याचे उल्लेख काढले आणि त्या जागी एकेका देशाशी वेगवेगळे संबंध, तेही रशियाचं हित बघून, अशी भाषा आली. त्या वेळी कौन्सिलचं अध्यक्षपद खुद्द रशियाकडेच होतं, २०२१ ते २०२३, पण युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्च २०२२ मध्ये बाकीच्या सातही सदस्यांनी कामकाजातून हात काढून घेतलेला. अध्यक्षाच्या खुर्चीत बसून एकटाच मीटिंग घेतोय अशी अवस्था.

तर नोट्स काढताना वहीच्या पानावर तीन रकाने पाडा, २००८, २०२०, २०२३, आणि प्रत्येकात फक्त क्रम लिहा. एवढं केलंत तरी यूट्यूबवरच्या तासाभराच्या व्हिडिओपेक्षा जास्त हाताला लागेल.

पुढचा भाग कायद्याचा, थोडा कंटाळवाणा पण तो नसेल तर सगळं हवेत. ज्याने हर्णै किंवा मालवणच्या बंदरावर पर्ससीनवाल्यांची आणि बाहेरच्या ट्रॉलरची भांडणं ऐकलीत त्याला १२ सागरी मैल ही भानगड समजवायला लागत नाही. १२ मैलांपर्यंत देशाचा प्रादेशिक समुद्र, २०० मैलांपर्यंत विशेष आर्थिक क्षेत्र म्हणजे मासे, तेल, गॅस त्याचे पण जायची-यायची वाट सगळ्यांना मोकळी, आणि त्यापुढे जर समुद्राखालची जमीन तुमच्याच खंडाचा उतार आहे असं शास्त्रीय पुराव्याने दाखवता आलं तर तळावरचा हक्क आणखी लांब जातो. हा पुरावा तपासायला संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याखाली एक आयोग आहे. रशियाने २००१ मध्ये तिथे अर्ज टाकला, असा अर्ज करणारा तो पहिलाच देश, आयोगाने सांगितलं माहिती कमी आहे, परत आणा. मग २०१५ ला सुधारित अर्ज, २०२१ ला त्यात भर, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने बराचसा दावा शास्त्रीयदृष्ट्या मान्य केला.

मधल्या काळात २ ऑगस्ट २००७ ला रशियन ध्रुवसंशोधक चिलिंगारोव्ह आणि मंडळी छोट्या पाणबुड्यांतून चार किलोमीटरहून खोल उतरली आणि बरोब्बर उत्तर ध्रुवाच्या तळाशी टायटॅनियमचा रशियन झेंडा रोवून आली. जगभर बोंब झाली. कॅनडावाले म्हणाले हे काय पंधरावं शतक आहे का. पण कायद्याच्या भाषेत त्या झेंड्याची किंमत शून्य. परीक्षेत उत्तर लिहिताना झेंड्यावर अर्धं पान घालवू नका, एक ओळ पुरे, उरलेली जागा त्या आयोगाला द्या. आणि हेही लिहा की आयोग दोन देशांच्या भांडणाचा निवाडा करत नाही. डेन्मार्कने २०१४ ला आणि कॅनडाने २०१९ ला त्याच लोमोनोसोव्ह पर्वतरांगेवर, जी समुद्राच्या तळाशी ध्रुवाखालून जाते, आपापले दावे टाकलेत. तिघांचे दावे एकमेकांवर चढलेले आहेत, ते सोडवायचे तर तिघांनीच बसून. अमेरिकेने तर सागरी कायद्याचा हा करारच स्वीकारलेला नाही, तरी डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या विस्तारित तळाच्या सीमा जाहीर करून मोकळी झाली.

इथे टपरीवर एक वाक्य हमखास येतं, "रशिया कायदा-बियदा काही मानत नाही". आर्क्टिकपुरतं हे अर्धवट आहे. नॉर्वेबरोबर बॅरेंट्स समुद्रातली सीमा चाळीसेक वर्षं भिजत पडली होती, सप्टेंबर २०१० मध्ये मुर्मान्स्कला करार करून वादातलं क्षेत्र जवळपास निम्मं-निम्मं वाटून घेतलं. तिथल्या कॉड माशाचा कोटा दोघे मिळून ठरवतात, १९७६ पासून, आणि युक्रेन युद्ध सुरू झाल्यावरही ती बैठक बंद पडली नाही. ज्या देशाचा किनारा सगळ्यात लांब, त्याला किनाऱ्यावरून हक्क मोजणारा कायदा फायद्याचाच असणार ना, मग तो का मोडेल. मोडतो कुठे, किंवा ताणतो कुठे, तर वाटेच्या बाबतीत.

आणि वाटेवर आता जरा बसू, कारण खरा मुद्दा हाच आहे आणि कोकणातल्या माणसाला तो पुण्या-मुंबईवाल्यापेक्षा लवकर समजायला पाहिजे.

उत्तरी सागरी मार्ग म्हणजे नोवाया झेम्ल्याजवळच्या कारा गेटपासून बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंतचा पट्टा. रशिया म्हणतो इथून जायचं तर परवाना घ्या, गरज असेल तिथे आमचा बर्फफोड्या (बर्फ फोडून वाट काढणारं जहाज) घ्या, आमचा पायलट घ्या, आणि त्याचे पैसे भरा. अमेरिका म्हणते ह्यातल्या सामुद्रधुन्या आंतरराष्ट्रीय आहेत, परवानगी कसली. आता कान्होजी आंग्रे आठवा. सरखेलांचं दस्तक घेतल्याशिवाय ह्या किनाऱ्यावरून व्यापारी जहाज जायचं नाही, गेलं तर धरलं जायचं. इंग्रज म्हणाले हा समुद्री चाचा आहे. आणि त्याआधी दोनशे वर्षं पोर्तुगीज ह्याच समुद्रात कार्ताझ नावाचा परवाना विकत होते, त्याला कुणी चाचेगिरी म्हटलं नाही! किनारा कुणाचा, आरमार कुणाचं, आणि परवाना मागणाऱ्याला मान्यता द्यायची का नाही, हा प्रश्न विजयदुर्गासमोर जसा होता तसाच आज ह्या मार्गावरच्या विल्कित्स्कीच्या सामुद्रधुनीत आहे. फरक एवढाच की रशियाकडे एक छापील कलमसुद्धा आहे.

ते कलम म्हणजे सागरी कायद्याचं २३४ वं. वर्षाचा बराच काळ बर्फ असलेल्या भागात, २०० मैलांच्या आत, किनाऱ्यावरच्या देशाला प्रदूषण टाळण्यासाठी जहाजांवर जास्तीचे नियम घालता येतात, भेदभाव न करता. हे कलम कॅनडाच्या आग्रहाने आलं, फायदा रशियानेही घेतला. आता ह्यातली खोच बघा, मार्ग चालायला बर्फ कमी व्हायला हवं, आणि परवान्याचा कायदेशीर आधार टिकायला बर्फ असायला हवं. बर्फ जसजसं जाईल तसतशी रशियाची भाषा पर्यावरणाकडून सार्वभौमत्वाकडे सरकताना दिसेल, बातमी वाचताना हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा. युद्धनौकांना तर २३४ लागूच होत नाही, म्हणून रशियाने डिसेंबर २०२२ मध्ये वेगळा कायदा केला की ह्या मार्गावरच्या ज्या पाण्याला आम्ही अंतर्गत म्हणतो तिथे परकीय युद्धनौकेने यायचं तर ९० दिवस आधी परवानगी मागायची.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर मार्गाच्या प्रशासनाची वेबसाईट उघडा, २०१८ च्या शेवटच्या कायद्याने हा सगळा कारभार रोसाटॉमकडे म्हणजे अणुऊर्जा महामंडळाकडे गेलाय. तिथे दिलेल्या परवान्यांची यादी असते. एखादं जहाज निवडा. नाव, झेंडा कुठल्या देशाचा, आणि बर्फश्रेणी, म्हणजे आर्क ४, आर्क ७ वगैरे, आकडा जितका मोठा तितकं जहाज बर्फाला दणकट. मग हलकं, मध्यम, जड अशा बर्फस्थितीत कुठे एकट्याने जायला परवानगी आणि कुठे बर्फफोड्याच्या मागूनच, ते दिलेलं असतं. अशी थोडी जहाजं उलटसुलट बघितली की तुम्हाला कुठल्याही तज्ज्ञाशिवाय कळतं की मोठमोठ्या कंटेनर कंपन्या इथे रांगा लावून उभ्या नाहीयेत, येणारा माल मुख्यत्वे रशियाचाच, तेल, गॅस, खनिज.

आकडे तेच सांगतात. मे २०१८ मध्ये पुतिननी टार्गेट दिलं, २०२४ पर्यंत वर्षाला ८ कोटी टन. २०२४ मध्ये झालं सुमारे ३ कोटी ७९ लाख टन, निम्म्याहूनही कमी, आणि त्यात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी खरी वाहतूक जेमतेम ३० लाख टन. सुएझमधून नेहमीच्या वर्षात अब्जाच्या वर टन जातात. २०२१ च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज सुएझमध्ये अडकलं तेव्हा रोसाटॉमने लगेच आमच्या वाटेने या म्हणून जाहिरात केली होती, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्फ लवकर धरलं आणि ह्यांच्याच वाटेत वीसेक जहाजं अडकून पडली. वेळेवर पोचायची खात्री नाही, विमा महाग, वाटेत काही सामुद्रधुन्या एवढ्या उथळ की मोठं कंटेनर जहाज जातच नाही. तेव्हा "सुएझ संपलं" असा मथळा दिसला की पुढे वाचूच नका.

मग रशिया एवढा पैसा का ओततो? बर्फफोड्यांकडे बघा. अणुशक्तीवर चालणारे आठ बर्फफोडे आज त्याच्याकडे आहेत, जगात दुसऱ्या कुणाकडे एकही नाही. पहिला होता लेनिन, १९५९ मध्ये सेवेत आला, आता मुर्मान्स्कच्या धक्क्याला संग्रहालय म्हणून उभा आहे. नव्या पिढीतला आर्क्तिका २०२० मध्ये आला, १७३ मीटर लांब, दोन अणुभट्ट्या, जवळपास तीन मीटर जाड बर्फ फोडतो, आणि पोटात पाणी कमी-जास्त घेऊन खोली बदलू शकतो, म्हणजे तेच जहाज भर बर्फात आणि ओब-येनिसेसारख्या नद्यांच्या उथळ मुखातही चालतो. ही रचनाच सांगते की ह्याचं काम चिनी कंटेनर युरोपला नेणं हे नाही, नदीच्या मुखावरचा आपला गॅस बाहेर काढणं हे आहे. अमेरिकेचा जड बर्फफोड्या पोलर स्टार १९७६ चा आहे, आपल्या एसटीलासुद्धा कधीच भंगारात काढली असती. २०२४ मध्ये त्यांनी एक खाजगी जहाज विकत घेऊन स्टोरिस नावाने रंगवलं आणि कॅनडा-फिनलंडबरोबर बर्फफोडे बांधायचा करार केला, ते सगळं ह्या आठ जहाजांना दिलेलं उत्तर.

आता ती भीती. परत गोल उचला. मुर्मान्स्कवर बोट ठेवा, ६९ अंश उत्तर, तरी बंदर हिवाळ्यात गोठत नाही कारण अटलांटिकचा कोमट प्रवाह तिथवर पोचतो. बाजूलाच सेवेरोमोर्स्क, उत्तरी आरमाराचं मुख्यालय, आणि गाद्झियेवो, जिथे अण्वस्त्रं वाहणाऱ्या पाणबुड्या राहतात. इथून अमेरिकेला क्षेपणास्त्राची जवळची वाट ध्रुवावरूनच जाते, आणि तिकडून इकडे यायचीही तीच. उद्या कुणी आपल्यावर पहिला घाव घातला तरी उलटा घाव घालायला ह्या पाणबुड्या शिल्लक राहिल्या पाहिजेत, रशियाच्या आर्क्टिक लष्करी धोरणाचं हे बीज आहे, बाकी सगळं ह्याच्या भोवती. फ्रांझ जोसेफ बेटांवरचं नागुर्स्कोये, कोतेल्नी बेटावरचा तळ, रडार, हवाई संरक्षण, धावपट्ट्या, हे सगळं टाचण्या लावून गोलावर बसवा, बॅरेंट्स समुद्राच्या आणि त्या मार्गाच्या बाहेरून कुंपण तयार होतं. कुणी "रशिया उत्तर ध्रुव जिंकायला निघालाय" म्हणाला तर त्याला ह्या टाचण्या दाखवा.

कुंपणाच्या पलीकडे काय झालं तेही मांडा. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये नाटोत, स्वीडन मार्च २०२४ मध्ये. आर्क्टिक कौन्सिलच्या आठपैकी सात देश आता नाटोचे. आणि मुर्मान्स्क ज्यावर आहे त्या कोला द्वीपकल्पातलं पायदळ, जे फक्त बर्फात लढायला तयार केलेलं, ते युक्रेनमध्ये पाठवून रशियाने बरंचसं गमावलं. पाणबुड्या मात्र जिथल्या तिथे. १ जून २०२५ ला युक्रेनच्या ड्रोननी मुर्मान्स्क भागातल्या ओलेन्या विमानतळावर बॉम्बर विमानं जाळली, म्हणजे एवढं लांब म्हणून सुरक्षित हा समजही गेला. १९८७ मध्ये गोर्बाचेव्हनी ह्याच मुर्मान्स्कमध्ये उभं राहून आर्क्टिक शांततेचा प्रदेश करू म्हणून भाषण दिलं होतं.

पैशाचा माग काढायचा तर एकच प्रकल्प घ्या, रशियाच्या उत्तर किनाऱ्यावरचा यामल एलएनजी. गॅस उणे १६२ अंशाला द्रव करून जहाजात भरायचा, हे दाभोळच्या टर्मिनलमुळे गुहागरवाल्यांना नवं नाही. यामल डिसेंबर २०१७ ला सुरू झालं. मालकी: रशियाची नोवातेक ५०.१ टक्के, फ्रान्सची टोटल २०, चीनची सीएनपीसी २०, चीनचाच सिल्क रोड फंड ९.९. सीएनपीसी २०१४ च्या निर्बंधांआधीच आत होती, पण निर्बंधांनंतर पाश्चात्य बँका मागे सरल्या आणि आणखी चिनी पैसा आत आला, हे शेवटच्या ९.९ मध्ये दिसतं. शेजारच्या आर्क्टिक एलएनजी २ वर अमेरिकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये निर्बंध टाकले, गॅस तयार पण उचलायला गिऱ्हाईक नाही, जहाजं समुद्रात भटकत, शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये चीनच्या बेइहाई बंदरात माल उतरला. चीन स्वतःला २०१८ पासून "आर्क्टिकजवळचा देश" म्हणवतो, रशियाला हा शब्द मनातून पसंत नसणार असं माझं मत, पण पैसेवाल्या पाहुण्याला कोण बोलणार. जुलै २०२४ मध्ये दोघांची बॉम्बर विमानं अलास्काजवळ एकत्र उडाली. तरी मार्गाच्या चाव्या रशिया चीनला देत नाही, ही दोस्ती किती खरी हे तपासायचं तर संयुक्त निवेदनं नको, परवाने आणि मालकीची टक्केवारी बघा.

दक्षिण ध्रुव वेगळं प्रकरण, एकाच वहीत मिसळू नका. उत्तरेला समुद्र आणि भोवती देश, दक्षिणेला जमीन आणि भोवती समुद्र, शिवाय तिथे १९५९ चा अंटार्क्टिक करार आहे: लष्करी हालचाल नाही, जुने दावे गोठवलेले, एकमेकांच्या स्टेशनची तपासणी करायची मुभा. रशियाने दावा केलेला नाही पण करायचा हक्क राखून ठेवलाय, अमेरिकेनेही. रशियाचं व्होस्तोक स्टेशन तेच जिथे २१ जुलै १९८३ ला उणे ८९.२ अंश नोंदलं गेलं, जानेवारी २०२४ मध्ये तिथे नवी इमारत सुरू झाली. व्हॉट्सॲपवर "२०४८ ला करार संपणार, मग तेलासाठी मारामारी" असं फिरत असतं. चूक आहे. २०४८ नंतर १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलच्या, म्हणजे खाणकामावर बंदी घालणाऱ्या जोडकराराच्या, फेरविचाराची मागणी करता येईल, तो आपोआप संपत नाही, आणि खाणकामबंदी उठवायच्या अटी फार कडक आहेत. रशियन जहाजं वेडेल समुद्रात भूकंपलहरींनी तळ तपासतात, शास्त्र म्हणतात, शंका घ्यायला जागा आहे. आणि दक्षिण महासागरात नवीन संरक्षित क्षेत्रं अडवून धरण्यात रशिया-चीन बरोबर असतात.

आपला संबंध काय असं विचारणारे असतातच. कोकण रेल्वेने मडगावला उतरून वास्कोला जा, तिथे हेडलँड सडा भागात राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, भारताचा अंटार्क्टिका आणि आर्क्टिकचा सगळा कारभार तिथून चालतो. डिसेंबर १९८१ मध्ये पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याहूनच निघाली होती. आर्क्टिकमधलं हिमाद्री स्टेशन २००८ चं, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, आणि तिथे आपल्याला जागा मिळते त्यामागे १९२० चा स्वालबार्ड करार आहे ज्यात ब्रिटिश काळापासून भारत पक्षकार आहे. ह्याच केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी कारा समुद्रातलं घटतं बर्फ आणि आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी कोसळणारा पाऊस ह्यांचा संबंध असू शकतो असं मांडलंय, भात कापणीच्या तोंडावर पाऊस आला की हे आठवतं. रशियाबरोबर उत्तरी मार्गावरच्या कार्यगटाची पहिली बैठक ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत झाली, त्यात भारतीय खलाशांना ध्रुवीय पाण्यातलं प्रशिक्षण हाही विषय होता. आमच्या वाडीतला एक दादा जहाजावर सेकंड इंजिनियर आहे, त्याचं म्हणणं सरळ: "कोर्स मिळाला तर करीन, पण निर्बंध लागलेल्या जहाजावर पाय ठेवणार नाही, पुढची कंपनी घेत नाही." जाणाऱ्यांनी दोन गोष्टी बघा, १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या पोलर कोडप्रमाणे (ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांचे नियम) लागणारं प्रमाणपत्र, आणि जहाजाचं नाव निर्बंधांच्या यादीत आहे का. एजंट दुसरी गोष्ट सांगत नाहीत.

शेवटचं काम कालनिर्णयवर. भिंतीवरचं घ्या, ज्यावर दूध आणि गॅस सिलेंडरच्या खुणा असतात. जानेवारीवर लिहा: उत्तरी मार्गाचा गेल्या वर्षाचा टनांचा आकडा, टार्गेटशी ताडून बघणे. मार्चवर: मुर्मान्स्कची आर्क्टिक परिषद भरणार का, २०२५ ला तिथेच २७ मार्चला पुतिन बोलले होते की ग्रीनलंडबद्दलची अमेरिकेची योजना गंभीर आहे, जुनी आहे. मे-जूनवर अंटार्क्टिक करारवाल्यांची वार्षिक बैठक. जुलैच्या शेवटच्या रविवारी रशियाचा नौदल दिन, २०२२ ला नवीन सागरी सिद्धांतावर सही त्याच दिवशी झाली होती. सप्टेंबरच्या मध्यावर आर्क्टिकचं बर्फ वर्षातलं सगळ्यात कमी, २०१२ चा नीचांक अजून मोडलाय का ते बघणे, साधारण गणपतीच्या दिवसांतच येतं ते, तेव्हा आरतीच्या गडबडीत विसराल म्हणून लाल पेनाने लिहा. नोव्हेंबरवर फक्त दोन शब्द: जहाजं अडकली?